मुक्तस्रोत आज्ञावलींतील स्वामित्वहक्क व त्याचे हस्तांतरण

ज्या संगणक आज्ञावलीची मूळ संहिता कोणासही वाचता येते, तीत फेरफार करता येतो आणि मूळ किंवा सुधारलेली प्रत इतरांना देता येते, अशा आज्ञावलीस मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. अशी आज्ञावली कोणाच्याच मालकीची नसते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. काही अपवाद सोडल्यास तिच्या प्रत्येक भागावर कोणाचा तरी स्वामित्वहक्क, म्हणजेच कॉपीराइट, असतो आणि तिचा परवाना ही त्या हक्कधारकाने सर्वांना दिलेली सशर्त अनुमती असते. हक्कधारकच नसेल, तर परवान्याच्या अटी मोडणाऱ्यास जाब विचारणारेही कोणी उरत नाही. अशा आज्ञावलीचे लेखन शेकडो, प्रसंगी हजारो व्यक्ती निरनिराळ्या देशांत राहून करीत असतात. त्यामुळे हा हक्क लिहिणाऱ्याकडे असावा, त्याच्या नियोक्त्याकडे असावा, की सर्वांच्या वतीने एखाद्या संस्थेकडे सोपवावा, हा प्रश्न १९८५ पासून सतत पुढे आलेला आहे. हक्क एका हाती एकवटला, तर त्याचे रक्षण सुकर होते. परंतु त्याच हाताला सर्वांचे श्रम आपल्या लाभाकडे वळविण्याचे सामर्थ्यही मिळते. हक्क विखुरलेला राहिला, तर तो कोणास बळकावता येत नाही. परंतु त्याचे रक्षण करणे आणि काळानुसार अटी बदलणे, ही दोन्ही कामे दुष्कर होतात. या दोन अडचणींतून वाट काढण्याचे प्रयत्न हाच या विषयाचा इतिहास होय.

कायद्याची पार्श्वभूमी : संगणकाच्या आरंभीच्या काळात आज्ञावलीस स्वतंत्र विक्रेय वस्तू मानीत नसत. ती यंत्राबरोबर मिळे व ग्राहक तीत आपापल्या गरजेनुसार बदल करीत. आय्‌बीएम या अमेरिकन कंपनीने १९६९ मध्ये आज्ञावलींची किंमत यंत्राच्या किंमतीपासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले, तेव्हापासून आज्ञावलींचा स्वतंत्र व्यापार वाढू लागला. अमेरिकेने १९७६ चा स्वामित्वहक्क अधिनियम १९८० मध्ये सुधारून संगणक आज्ञावलीची व्याख्या त्यात समाविष्ट केली. यंत्रालाच वाचता येणाऱ्या संहितेसही हे संरक्षण आहे, असा निर्णय ॲपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात तेथील अपील न्यायालयाने १९८३ मध्ये दिला. कविता किंवा कादंबरी यांना लागू असलेली तत्त्वे अशा रीतीने आज्ञावलीस लागू झाली. हक्क निर्मितीबरोबर आपोआप उत्पन्न होतो. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक सामान्यतः नियोक्ता असतो. आणि हक्काचे हस्तांतरण करावयाचे, तर ते लेखी व स्वाक्षरीनिशी करावे लागते. या तीन नियमांचे परिणाम पुढे फार दूरवर पोहोचले.

एमॅक्सचे प्रकरण : मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड मॅथ्यू स्टॉलमन (१९५३–   ) यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ या संपूर्णपणे मुक्त अशा परिचालन प्रणालीचा संकल्प जाहीर केला. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी संस्थेतील नोकरी सोडली. आपण लिहिलेल्या आज्ञावलींवर संस्थेने मालकी सांगू नये, हा या राजीनाम्यामागील एक हेतू होता. या संकल्पातील पहिली महत्त्वाची निर्मिती म्हणजे एमॅक्स ही लेखनसंपादन करणारी आज्ञावली. तिच्या आरंभीच्या आवृत्तीत पडद्यावर मजकूर दाखविण्याचा भाग जेम्स गॉस्लिंग यांच्या एमॅक्समधून घेतलेला होता. गॉस्लिंग यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात असताना तयार केलेली ही आज्ञावली नंतर युनिप्रेस या कंपनीस विकली. कंपनीने स्टॉलमन यांच्या वितरणास हरकत घेतली. गॉस्लिंग यांच्या एका जुन्या सहकाऱ्यास मिळालेल्या संमतीच्या आधारे हा भाग वापरला, असे स्टॉलमन यांचे म्हणणे होते. परंतु अशा संमतीवर विसंबून सर्व काम धोक्यात घालणे शक्य नव्हते. त्यांनी तो भाग पूर्णपणे नव्याने लिहिला आणि १९८५ च्या मध्यास निघालेल्या आवृत्तीतून जुनी संहिता काढून टाकली.

या प्रकरणातून मिळालेला धडा असा, की सद्‌भावनेने एकत्र आणलेल्या संहितेत एक भाग जरी संशयास्पद मालकीचा असला, तरी संपूर्ण आज्ञावली अडचणीत येते. ऑक्टोबर १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ या संस्थेने म्हणूनच आपल्या प्रमुख आज्ञावलींसाठी हस्तांतरणाची पद्धत स्वीकारली. योगदान करणाऱ्याने आपला स्वामित्वहक्क लेखी दस्तऐवजाने संस्थेच्या नावे करून द्यावा, असा नियम तिने केला.

हस्तांतरणाची पद्धत : या दस्तऐवजाचे स्वरूप एकतर्फी नव्हते. संस्था हक्क स्वीकारताना ही संहिता मुक्त अटींवरच वितरित करण्याचे वचन देते आणि लेखकास आपली स्वतःची संहिता मनाप्रमाणे वापरण्याची अनुज्ञा परत देते. लेखक नोकरीत असल्यास किंवा विद्यापीठात असल्यास त्याच्या नियोक्त्याकडून ‘या लेखनावर आमचा हक्क नाही’ अशा आशयाचे स्वतंत्र पत्र घेण्यात येते. संस्थेच्या ‘जनरल पब्लिक लायसेन्स’ या परवान्याच्या १९८९ व १९९१ च्या आवृत्त्यांस नियोक्त्याच्या अशा पत्राचा एक नमुनाही जोडलेला होता. सु. पंधरा ओळींपर्यंतच्या किरकोळ दुरुस्त्यांना कागदपत्रांची आवश्यकता नसते.

संस्थेचे कायदेविषयक सल्लागार व कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी या पद्धतीचे समर्थन प्रामुख्याने न्यायालयीन दृष्टीने केले. अमेरिकेत स्वदेशी कृतीच्या बाबतीत दावा लावण्यापूर्वी हक्काची नोंदणी करावी लागते. मालक अनेक असतील, तर त्यांना एकत्र आणणे व प्रत्येकाचा हक्क शाबीत करणे जिकिरीचे होते. मालक एक असला, तर हा प्रश्न उरत नाही. याविरुद्धचा आक्षेपही प्रथमपासून घेतला गेला. फावल्या वेळात एखादी सुधारणा करणाऱ्यास कागदपत्रे मागविणे, नियोक्त्याची सही मिळविणे व ती परत पाठविणे यांत काही आठवडे घालवावे लागत आणि काहीजण तेथूनच मागे फिरत.

दोन फाटे : या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा दोन प्रसंगांवरून स्पष्ट होतात. ल्यूसिड या कंपनीने १९९२ मध्ये एमॅक्सची स्वतंत्र आवृत्ती काढली. तीच पुढे एक्सएमॅक्स या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यातील अनेक सुधारणा मूळ एमॅक्समध्ये घेण्यासारख्या होत्या. परंतु त्या लिहिणाऱ्या सर्व व्यक्तींची व त्यांच्या नियोक्त्यांची हस्तांतरणपत्रे उपलब्ध नव्हती. तांत्रिक मतभेदांच्या जोडीला ही कागदपत्रांची उणीव उभी राहिली आणि दोन्ही आवृत्त्या पुन्हा एक झाल्या नाहीत. संहिता सर्वांसाठी खुली होती, तरी ती एकमेकींत मिसळता आली नाही.

दुसरा प्रसंग ‘जीसीसी’ या कंपायलरचा, म्हणजे मानवी वाचनास सुलभ अशा संहितेचे यंत्रसंहितेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीचा. तिच्या संथ विकासास कंटाळून काही तज्ञांनी १९९७ मध्ये ‘ईजीसीएस’ हा वेगळा फाटा काढला. वेगळे होतानाही त्यांनी हस्तांतरणाचा नियम मात्र सोडला नाही; नव्या संहितेचे हक्कही ते पूर्वीच्याच संस्थेकडे सोपवीत राहिले. परिणामी एप्रिल १९९९ मध्ये संस्थेने हाच फाटा अधिकृत जीसीसी म्हणून स्वीकारला, तेव्हा मालकीचा कोणताही प्रश्न आड आला नाही. भांडण झाले, तरी कागदपत्रे एकाच दप्तरात राहिली. म्हणून घर पुन्हा एक झाले.

लिनक्स व विखुरलेली मालकी : फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरव्हॉल्ड्‌स (१९६९–   ) यांनी १९९१ मध्ये लिनक्स या परिचालन प्रणालीच्या गाभ्याची पहिली संहिता प्रसिद्ध केली आणि १९९२ मध्ये तिला जनरल पब्लिक लायसेन्स लागू केला. त्यांनी कोणाकडूनही हस्तांतरण मागितले नाही. प्रत्येकाने लिहिलेल्या भागाचा हक्क त्याच्याकडे किंवा त्याच्या नियोक्त्याकडे राहिला. लिनक्सची वाढ झपाट्याने होण्याच्या कारणांत ही सुलभता गणली जाते. अनेक प्रतिस्पर्धी कंपन्या तीत एकाच वेळी काम करू शकल्या, कारण संपूर्ण संहिता आपल्या नावावर करून घेण्याची संधी त्यांपैकी एकीलाही नव्हती. या रचनेची किंमत २००७ मध्ये प्रत्ययास आली. परवान्याची तिसरी आवृत्ती त्या वर्षी प्रसिद्ध झाली. परंतु लिनक्स दुसऱ्याच आवृत्तीवर राहिले. टॉरव्हॉल्ड्‌स यांचा नव्या अटींना विरोध होताच. तथापि त्यांनी त्या मान्य केल्या असत्या, तरीही हजारो हक्कधारकांची, ज्यांपैकी काही दिवंगत झाले होते, संमती मिळविणे जवळजवळ अशक्य होते.

विखुरलेल्या मालकीची कसोटी एका मोठ्या खटल्याने पाहिली. युनिक्स या परिचालन प्रणालीचा जन्म १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत झाला होता. तिचे व्यापारी हक्क १९९३ मध्ये नॉव्हेल कंपनीकडे व १९९५ च्या करारान्वये त्यांतील बराचसा व्यवसाय सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीकडे गेला. त्या व्यवसायाची उत्तराधिकारी म्हणविणाऱ्या एस्‌सीओ ग्रुप या कंपनीने मार्च २००३ मध्ये आय्‌बीएमवर दावा लावला. युनिक्समधील संहिता व ज्ञान अनधिकाराने लिनक्समध्ये घातले, असा तिचा मुख्य आरोप होता. नॉव्हेलने यावर मूलभूत हरकत घेतली. १९९५ च्या करारात ज्या मालमत्ता वगळल्या होत्या, त्यांत स्वामित्वहक्कांचा समावेश होता. ते हक्क कधी विकलेच गेले नव्हते, असे तिचे म्हणणे होते. १९९६ मध्ये केलेल्या एका दुरुस्तीच्या शब्दरचनेवर अनेक वर्षे वाद चालला. मार्च २०१० मध्ये ज्यूरीने नॉव्हेलच्या बाजूने निर्णय दिला व २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. आय्‌बीएमविरुद्धचा वाद तडजोडीने मिटण्यास २०२१ साल उजाडले. विक्रीपत्रातील काही शब्दांच्या अनिश्चिततेमुळे लिनक्सच्या वापरावर अनेक वर्षे संशयाचे सावट राहिले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या खटल्याचा एक चिरस्थायी परिणाम म्हणजे २००४ मध्ये लिनक्सने सुरू केलेली उगम-प्रमाणपत्राची पद्धत. योगदान करणारा आपल्या प्रत्येक बदलाखाली नाव लिहून असे प्रमाणित करतो, की हे लेखन आपले आहे किंवा ते या परवान्याखाली देण्याचा आपणास अधिकार आहे. यात हक्काचे हस्तांतरण नसते. संहिता कोठून आली याची नोंद मात्र राहते. एमॅक्सच्या प्रकरणाने निर्माण केलेल्या प्रश्नास मिळालेले हे दुसरे, अधिक हलके उत्तर होय.

न्यायालयांतील अनुभव : मुक्त परवान्याच्या अटी स्वामित्वहक्काच्या बळावर अमलात आणता येतात, हे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिद्ध झाले. म्युनिक येथील न्यायालयाने मे २००४ मध्ये नेटफिल्टर या लिनक्समधील भागाचे एक लेखक हाराल्ट व्हेल्टे यांच्या बाजूने मनाईहुकूम कायम केला. अमेरिकेत जेकबसन विरुद्ध कॅट्‌झर या खटल्यात खेळातील आगगाड्या चालविणाऱ्या एका आज्ञावलीसंबंधी वाद होता. अटी न पाळता संहिता वापरणे हा केवळ करारभंग नसून तो स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो, असे तत्त्व त्यात फेडरल अपील न्यायालयाने ऑगस्ट २००८ मध्ये मांडले.

मालकीच्या दोन रचनांतील अंतर पुढील दोन दाव्यांची तुलना केल्यास ध्यानात येते. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये सिस्को कंपनीवर दावा लावला. जीसीसी आणि इतर आज्ञावलींचे हक्क संस्थेच्या स्वतःच्या नावे असल्याने मालकी सिद्ध करण्याचा प्रश्न गौण ठरला आणि मे २००९ मध्ये तडजोड झाली. परवान्याच्या पालनाकडे लक्ष देणाऱ्या अधिकाऱ्याची नियुक्ती करण्याचे कंपनीने मान्य केले. याउलट, लिनक्सचे एक प्रमुख लेखक क्रिस्टोफ हेलव्हिग यांनी २०१५ मध्ये व्हीएमवेअर कंपनीविरुद्ध हँबर्ग येथे लावलेला दावा २०१६ मध्ये व अपिलात २०१९ मध्ये फेटाळण्यात आला. अनेकांनी लिहिलेल्या संहितेतील नेमका कोणता भाग वादीचा आहे व तो प्रतिवादीच्या आज्ञावलीत कोठे आला आहे, हे न्यायालयास पुरेसे दाखविले गेले नाही. परवान्याच्या मूळ प्रश्नापर्यंत सुनावणी पोहोचलीच नाही.

विखुरलेल्या मालकीत आणखी एक धोका आढळून आला. कोणताही एक हक्कधारक इतरांशी विचारविनिमय न करता दावे लावू शकतो. एका माजी सहकाऱ्याने जर्मनीत आर्थिक लाभासाठी अशी मोहीम चालविल्याच्या तक्रारी आल्यानंतर नेटफिल्टरच्या प्रमुख मंडळाने त्यास २०१६ मध्ये निलंबित केले. परंतु मंडळाला त्याचे सदस्यत्व काढून घेता आले. त्याचा स्वामित्वहक्क काढून घेता येणे शक्य नव्हते.

व्यापारी संस्थांच्या हाती एकवटलेले हक्क : ना-नफा संस्थेऐवजी कंपनीकडे हक्क जमा झाल्यास काय घडते, याची उदाहरणे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिळतात. मायएस्क्यूएल ही विदासंचय सांभाळणारी आज्ञावली याच नावाच्या स्वीडिश कंपनीने २००० मध्ये जनरल पब्लिक लायसेन्सखाली आणली. हक्क कंपनीचेच असल्याने ज्यांना त्या परवान्याच्या अटी नको होत्या, त्यांना ती पैसे घेऊन वेगळा परवाना देऊ शके. मुक्त वितरण व उत्पन्न यांचा मेळ घालणारी ही दुहेरी परवान्याची रीत पुढे अनेकांनी उचलली. सन कंपनीने २००८ मध्ये सु. शंभर कोटी डॉलरना ही कंपनी घेतली आणि २०१० मध्ये सन स्वतःच ओरॅकलच्या ताब्यात गेली. विदासंचयांच्या व्यवसायातील बलाढ्य स्पर्धकाच्या हाती आपली आज्ञावली जाणार, असे दिसताच तिचे एक मूळ लेखक मायकेल व्हिडेनियस यांनी २००९ मध्ये मारियाडीबी हा स्वतंत्र फाटा काढला. संहिता घेऊन वेगळे होणे त्यांना परवान्यामुळे शक्य झाले. परंतु दुहेरी परवाना देण्याचा अधिकार हक्कांबरोबर ओरॅकलकडेच राहिला.

ओपनऑफिस या कार्यालयीन आज्ञावलीबाबतही असेच घडले. सन कंपनी योगदान करणाऱ्यांकडून संयुक्त मालकीचे करारपत्र घेत असे. ओरॅकलच्या धोरणाविषयी साशंक झालेल्या सहकाऱ्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ व लिबरऑफिस यांची घोषणा केली आणि आपण कोणाकडूनही हस्तांतरण घेणार नाही, असे धोरण ठरविले. गंमत अशी, की २०११ मध्ये ओरॅकलने मूळ ओपनऑफिस अपाची प्रतिष्ठानास अधिक उदार परवान्याखाली दिले आणि हे पाऊल तिला एकवटलेल्या हक्कांमुळेच टाकता आले. हक्क एकवटल्याने परवाना आवळता येतो, तसा सैलही करता येतो. दिशा मात्र मालक ठरवितो.

आवळण्याची उदाहरणे त्यानंतरच्या काळात वाढली. मोठ्या मेघसेवा कंपन्या आपली आज्ञावली फुकट वापरून नफा मिळवितात, असे कारण देऊन इलॅस्टिक कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये आणि हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या प्रमुख आज्ञावलींचे परवाने अधिक निर्बंधक केले. बाहेरच्या लेखकांकडून आधीच सह्या करून घेतलेल्या योगदान-करारांमुळे त्यांच्या भागांसाठीही कंपन्यांस पुन्हा संमती मागावी लागली नाही. उत्तरादाखल ओपनसर्च व ओपनटोफू हे फाटे निघाले. इलॅस्टिकने २०२४ मध्ये पुन्हा एक मुक्त परवाना उपलब्ध करून दिला. तथापि सही करताना आपण नेमके काय देत आहोत, याविषयी या घटनांनी लेखकांत नवी सावधगिरी निर्माण केली.

मधले मार्ग : पूर्ण हस्तांतरण व पूर्ण विखुरलेपण यांच्या दरम्यान तीन प्रकारच्या व्यवस्था रूढ झाल्या. पहिली, १९९९ मध्ये स्थापन झालेल्या अपाची प्रतिष्ठानाची. लेखक हक्क आपल्याकडेच ठेवतो आणि प्रतिष्ठानास व्यापक परवाना देतो. दुसरी व्यवस्था यूरोपातील कायद्यातून निघाली. जर्मनीच्या १९६५ च्या कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या व्यक्तित्वापासून वेगळा होऊ शकत नाही व म्हणून अमेरिकन अर्थाने हस्तांतरण तेथे शक्य नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या यूरोपीय भगिनीसंस्थेने यासाठी विश्वस्त-परवान्याचा नमुना तयार केला. विश्वस्ताने मुक्ततेच्या तत्त्वाविरुद्ध वर्तन केल्यास दिलेले अधिकार लेखकाकडे परत जातात, अशी तरतूद त्यात आहे. केडीई या प्रकल्पाच्या संघटनेने हा नमुना २००८ मध्ये स्वीकारला. तिसरी व्यवस्था ‘क्यूटी’ या आज्ञावलीसंचाबाबत १९९८ मध्ये झाली. तिच्या मालकीच्या ट्रोलटेक या नॉर्वेजियन कंपनीने केडीईशी करार करून असे मान्य केले, की मुक्त आवृत्तीचा विकास एक वर्षभर थांबल्यास एका स्वतंत्र प्रतिष्ठानास ती अतिशय उदार परवान्याखाली प्रसिद्ध करता येईल. कंपनी पुढे अनेकदा विकली गेली, तरी हा करार टिकून राहिला.

ज्यांनी अशी कोणतीच व्यवस्था आरंभी केली नव्हती, त्यांना परवाना बदलताना मोठे कष्ट पडले. मोझिला प्रकल्पाने २००१ मध्ये आपली संहिता तीन परवान्यांखाली आणण्याचे ठरविले. शेकडो लेखकांचा शोध घेऊन त्यांची संमती मिळविण्याचे हे काम २००६ मध्ये पुरे झाले. ओपनएस्‌एस्‌एल या गूढलेखनाच्या आज्ञावलीने असाच बदल २०१७ मध्ये हाती घेतला व तो २०२१ च्या आवृत्तीत प्रत्यक्षात आला.

भारतातील स्थिती : भारताच्या स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मध्ये १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणक आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतीच्या व्याख्येत झाला. लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क टिकतो. कलम १७ अन्वये, उलट करार नसल्यास, नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक नियोक्ता असतो. पुणे, मुंबई किंवा बंगळूर येथील कंपनीत काम करणाऱ्या आज्ञावलीकाराने मुक्तस्रोत प्रकल्पास संहिता देण्यापूर्वी ती आपली की कंपनीची, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते. कलम १८ प्रमाणे भावी कृतीचे हस्तांतरण ती कृती अस्तित्वात आल्यावरच प्रभावी होते. कलम १९ हस्तांतरणाच्या लेखासंबंधी तपशीलवार नियम घालून देते. लेखावर हस्तांतरण करणाऱ्याची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही असावी लागते आणि त्यात कृती, हक्क, मुदत व प्रदेश यांचा निर्देश असावा लागतो. मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे व प्रदेश लिहिला नसेल, तर तो भारतापुरता मानला जातो. तसेच, करारात अन्यथा नमूद नसल्यास, हस्तांतरण झालेल्या हक्काचा वापर एक वर्षात न केल्यास तो निष्प्रभ होतो. लेखक दुबळा व प्रकाशक प्रबळ असतो, या अनुभवावर या तरतुदी आधारलेल्या आहेत. परंतु परदेशी नमुन्यावरून तयार केलेला व हे तपशील न देणारा करार भारतीय लेखकाच्या बाबतीत पाच वर्षांनी अपुरा पडू शकतो. लेखकाच्या संरक्षणासाठीच अमेरिकन कायद्यातही पस्तीस वर्षांनंतर, विहित नोटीस देऊन, हस्तांतरण रद्द करण्याची मुभा आहे. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतींस ती लागू नाही. १९८५ च्या सुमारास झालेल्या हस्तांतरणांना ही मुदत आता उलटून गेलेली आहे.

अलीकडील घडामोडी : जून २०२१ मध्ये जीसीसीच्या संचालन समितीने संस्थेच्या नावे हस्तांतरण करण्याची सक्ती रद्द करून उगम-प्रमाणपत्राचा पर्याय खुला केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्नूच्या सी भाषेच्या ग्रंथालयानेही, म्हणजे ‘ग्लिबसी’नेही, तोच मार्ग धरला. स्टॉलमन संस्थेच्या संचालक मंडळावर परतल्यावरून त्या वर्षी तीव्र वाद झाला होता व त्यानंतर काही महिन्यांतच हे निर्णय झाले. संस्थेवरील विश्वास हाच हस्तांतरणाचा खरा आधार असतो आणि तो डळमळला की कागदाचे बळ कमी होते, हे यातून दिसले. एमॅक्सने मात्र जुनी पद्धत चालू ठेवली आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने संहिता लिहिण्याची प्रथा वाढल्याने या प्रश्नास आणखी एक पैलू प्राप्त झाला आहे. स्वामित्वहक्कासाठी मानवी कर्तृत्व आवश्यक आहे, अशी भूमिका अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केली व मार्च २०२५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने एका चित्राच्या संदर्भात हेच तत्त्व उचलून धरले. यंत्राने लिहिलेल्या ज्या भागावर कोणाचाच हक्क उत्पन्न होत नाही, त्याचे हस्तांतरण करता येत नाही आणि परवान्याच्या अटींनी त्याचे रक्षणही करता येत नाही. शिवाय, हे लेखन आपले आहे, असे प्रमाणपत्र देणाऱ्याने अशा भागाविषयी नेमके काय प्रमाणित करावयाचे, हाही प्रश्न आहे.

या चार दशकांच्या अनुभवातून कोणतीही एक रचना सर्वकाळ श्रेष्ठ ठरलेली नाही. सिस्कोविरुद्धच्या दाव्यात एकवटलेला हक्क कामी आला, तर ओपनऑफिसच्या सहकाऱ्यांना तोच धोक्याचा वाटला. लिनक्सचे विखुरलेपण त्याच्या वाढीस पोषक ठरले, पण हँबर्गच्या न्यायालयात तेच अडसर झाले. टिकाऊ ठरलेल्या व्यवस्थांत एक समान सूत्र मात्र आढळते. हक्क स्वीकारणाऱ्याने त्याच लेखात स्वतःवरही बंधन घालून घेतले आणि ते मोडल्यास काय होईल, हे आधीच लिहून ठेवले, तेथे लेखकांचा विश्वास अधिक काळ टिकला. क्यूटीचा करार व विश्वस्त-परवाना ही त्याची उदाहरणे होत. सही घेणारा आज सज्जन आहे, एवढ्याने भागत नाही. उद्या त्याची जागा दुसऱ्या कोणी घेतली, तरी सर्वांनी मिळून लिहिलेली संहिता सर्वांचीच राहील, अशी तजवीज त्या कागदातच असावी लागते.